अकरा घरं, बारा ओळी

१

“…त्या बंद खोलीत कुणी येत न्हाई, कुणी जात न्हाई, तरी बराबर हजेरी लागून राह्यली. अन् ज्यानं ती हजेरी लिहिली ना, त्याला मंग—”

नेमकी तेव्हाच लाइट आली आणि रखमाजीनं गिरणीचा पट्टा चढवला.

मंगळवारचे अकरा वाजले असतील. सकाळपासून लाइट नव्हती, म्हणून सात-आठ बाया डबे घेऊन गिरणीच्या पायरीवर खोळंबल्या होत्या. बेबीनंदा त्यांच्यातच. मान डावीकडं कलवून ती जिवाचा कान करून ऐकत होती, आणि ऐन मोक्यावर सगळं त्या पट्ट्याच्या धडधडीत बुडून गेलं. आवाज रोजच्या ऐकण्यातला होता. पण कुणाचा, ते काही केल्या ध्यानात येईना.

शेजारच्या तरण्या बाईला तिनं कोपरानं ढोसलं. “काय म्हणल्या गं त्या पुढं?”

“कोण?”

“अगं आत्ताच की. ते हजेरीचं सांगून राह्यल्त्या त्या.”

बाई तिच्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिली. मग डबा पुढं सरकवत म्हणाली, “मावशी, नंबर तुमचा आधी का माझा, तेवढं सांगा.”

बेबीनंदाला असा वैताग आला म्हणता! दळण होईस्तोवर ती एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, पण कुणीच नजरेला नजर देईना. तिची रीत साधी होती. खोटं पसरवायचं नाही, पण खरं असेल तर मुळापर्यंत जायचं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पोर रात्रभर खोकलं, हे तिला ठाऊक असायचं, आणि खोकणाऱ्या पोराला सकाळी काढा घेऊन पहिली तीच जायची. एवढीच गोष्ट तिला जमायची नाही. अर्धी बातमी तिच्या घशाखाली उतरायची नाही. अर्धी मिळाली की उरलेली अर्धी हुडकून जोडेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे.

पीठ गरमच होतं. डबा डोक्यावर घेऊन ती घरी आली, आणि भाकरी थापतानाही तिच्या ओठांवर तेच होतं. त्याला मंग काय? त्याला मंग काय?

२

भोकरदनच्या त्या गल्लीत अकरा घरं आणि एक नळ. दर तिसऱ्या दिवशी दुपारी एकला पाणी यायचं, चाळीस मिनिटांत जायचं. सहा वर्षांमागं दोघींची जुंपली, एकीनं हंडा फेकला, दुसरीच्या कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून गल्लीनं नंबराची वही धरली. वही सांभाळायला बेबीनंदाच का, याचं कारण शेजारच्या साळूबाईनं सांगून टाकलं होतं. “तशी बी तू ओट्यावर बसतीच की सगळ्यायला बघत. मंग फुकट कशाला बघती? हातात पेन घे.”

बेबीनंदा सातवी पास. नवरा एसटीत ड्रायव्हर, आठ दिवसांत दोनदा घरी. त्याचं जुनं घड्याळ मांडीवर ठेवून ती लिहायची: नंबर, नाव, टाइम, हंडे. सहा वर्षांत एक ओळ खोडलेली नाही, याचा तिला अभिमान होता. भांडण निघालं की लोक म्हणत, वही काढा. वही निघाली की भांडण बसे.

साळूबाईचा देवानंद कॉलेजात कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. त्या घरातला पगारावरचा पहिलाच माणूस. गेल्या दिवाळीला तो ओट्यावर येऊन बसला आणि हसत म्हणाला, “बेबीकाकू, कॉलेजात तुमच्यासारखं एक मशीन बसवलं मी.”

“माझ्यासारखं म्हंजे? जाड?”

“न्हाई ओ! वायरीतनं जे जे येतं-जातं, कुणाचं का असंना, ते डोकावून बघतं अन् टायमासगट लिहून ठेवतं. सोता कुठं जात न्हाई. बसल्या जागी सगळी खबर.”

साळूबाईनं हसून हसून पदर तोंडात कोंबला. पुढं कळलं की पोरानं त्या डब्यावर काळ्या पेनानं खरोखरच ‘बेबीकाकू’ असं लिहून ठेवलंय. बेबीनंदा त्याला चार शिव्या घालून आली, आणि मग आपल्याच तोंडानं गल्लीभर सांगत सुटली.

तर मंगळवारी गिरणीतली ती गोष्ट झाली. बुधवारी नळ आला. साळूबाईची कंबर धरली होती, म्हणून जेवायला घरी आलेल्या देवानंदनंच पाणी भरलं. आणि गुरुवारी भर दुपारी तो पायातल्या बुटांसकट बाजेवर आडवा पडलेला तिला दिसला.

“काय रे, ताप आला का?”

“अण्णासाहेबांनी घरी पाठवलं, काकू.”

३

अण्णासाहेब म्हणजे कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. बुधवारी दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी कुणीतरी देवानंदच्या नावानं मार्कांच्या कॉम्प्युटरात शिरलं आणि अडतीस पोरांचे प्रॅक्टिकलचे मार्क पुसून गेलं. खोलीला कुलूप होतं. चावी देवानंदच्या खिशात. आणि ‘बेबीकाकू’ मशीनच्या कागदावर त्याचं नाव टायमासकट छापलेलं. सोमवारी अकराला चौकशी. त्यात दोषी ठरला तर नोकरी जाणार आणि पोलिसात कागद जाणार. एकदा पोलिसात नाव गेल्यावर या तालुक्यात त्याला कोण उभं करणार होतं?

“अरे पण एक बावीसला तू नळावर व्हता!” बेबीनंदा ओरडलीच. “माझ्या वहीत हाय!”

“मशीन खोटं बोलत न्हाई म्हणतेत, काकू. माणसं बोलतेत.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं देवानंद जालन्याला गेला. तिथं इंटरनेटच्या दुकानात तीन तास बसला आणि चारच्या सुमाराला इंग्रजीचे दोन कागद घेऊन परत आला. चेहरा पार उतरलेला.

“मशीन बराबर हाय. खोट त्या लिहिणाऱ्या प्रोग्रामात हाय. ज्यांनी बनवला त्यांनीच कळवलंय, मागच्याच महिन्यात. मी बघितलं न्हाई.”

“कसली खोट?”

त्यानं कागद उलटे करून मांडीवर ठेवले. “असं समजा, काकू, दार बंद हाय, कुलूप चांगलं हाय. पण मशीनचे कान उघडे. ते त्याचं कामच हाय. आता लांबून, अमेरिकेतनं म्हणा, कुणीतरी एक गोष्ट तुकडे करून गल्लीतनं सोडली. अर्धी-अर्धी. मशीनला उद्देशून बी न्हाई, नुसती बाजूनं जाणारी. पण मशीनला अर्धं सोडवत न्हाई. ते तुकडे जोडून पुरं करायला बघतं. अन् जोडताना ते वहीत मावत न्हाई. उरलेलं वहीच्या बाहेर सांडतं.”

“बाहेर म्हंजे कुठं?”

“त्याच्या डोक्यात. मंग तिथून पुढं ते लिहितं, पण लिहिणारं ते नसतं.”

बेबीनंदानं पदर कानावरून ओढून घेतला. “मंग त्यानं ऐकायचंच न्हाई.”

“ऐकायचं न्हाई तर ठेवलं कशाला त्याला तिथं?” देवानंद वैतागून म्हणाला. मग त्याला वाईट वाटलं असावं. “तुमची वही द्या काकू सोमवारी. दुसरं काहीच न्हाई माझ्याकडं.”

४

वही पिठाच्या कोठीवर, जुन्या साडीत गुंडाळलेली असायची. तिनं ती लगेच काढली. बुधवारचं पान. सातवी ओळ: देवानंद, एक बावीस, चार हंडे. तिला इतकं हायसं वाटलं की त्या ओळीवरून तिनं बोट फिरवलं. बोट आपसूक खाली गेलं. आठ, नऊ, दहा. अकरा, गिरिजाबाई, एक सदतीस, तीन हंडे.

त्याखाली बारावी ओळ होती.

टाइम एक चाळीस. नावाच्या जागी तीन शब्द: आला. बसला. लिहिलं. हंड्यांच्या जागी एक बारकं, नीट काढलेलं गोल.

गल्लीत घरं अकरा.

अक्षर तिचंच. तिच्या ‘ल’ची गाठ उलटी पडायची, त्यापायी तिनं शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, तरी ती सुटली नव्हती. इथंही ती उलटीच होती. शाईही तिच्याच पेनाची.

तिनं पान मागं उलटलं. त्याआधीचा नळ रविवारचा. अकरा ओळी, आणि खाली बारावी: आला. बसला. त्याआधीचा गुरुवार. बारावी ओळ: आला. त्याच्या मागं सगळी पानं अकराच ओळींची.

ऊन लागलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. एप्रिलचं ऊन, ओट्याला सावली नाही. किंवा झोप लागली असेल बसल्या बसल्या. किंवा कुणी मस्करी केली. पण मस्करी करणाऱ्यानं तिच्या कोठीवरनं वही काढून, तिची उलटी गाठ काढून, परत साडीत तशीच गुंडाळून ठेवली? आणि गोल कशाचं ते?

पान फाडून टाकावं म्हटलं, तर देवानंदची सातवी ओळ त्याच पानावर. नुसती खालची पट्टी कापावी, तर कापलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? तिला रडूच यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त. सहा वर्षं! सहा वर्षं एक ओळ खोडली नाही, आणि जेव्हा एका पोराचं सगळं त्या वहीवर आलं, तेव्हाच हे निघावं?

५

शनिवारी नळाला तिनं साळूबाईला आपल्या शेजारी बसवलं.

“मी लिहिताना चुकून राह्यले का, तेवढं बघ.”

“तू अन् चुकणार?” साळूबाई म्हणाली. “गेल्या साली माझे पाच हंडे पाचच लिहिले बया. एक तरी कमी लिहायचा शेजारधर्म म्हणून.”

एकला नळ फुसफुसला, मग धार लागली. बाया आल्या, हंडे लागले. बेबीनंदा प्रत्येक ओळ तोंडानं म्हणत लिहीत होती. सात. आठ. पाण्याची धार हंड्याच्या तळावर आपटायची, मग हंडा भरत आला की तिचा आवाज चढत चढत बारीक व्हायचा. दहा. अकरा. गिरिजाबाई हंडा कडेवर घेऊन गेली. बेबीनंदानं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

“झाले गं अकरा. बराबर?”

साळूबाई मिटलेल्या वहीकडंच बघत होती. हसणारी बाई, पण तोंड असं झालेलं की कुणी आतनं ओढून धरलंय.

“काय झालं? बोल की!”

“बारा,” साळूबाई म्हणाली.

“कुठले बारा?”

“गिरिजा गेली. मंग तू मान अशी कलवली.” साळूबाईनं आपली मान डावीकडं कलवून दाखवली. “कुणाचं तरी ऐकून राह्यल्ती तू. हूं, हूं म्हणली दोनदा. मंग लिहिलं. वहीकडं बघितलं बी न्हाई.”

“कोण व्हतं इथं?”

“कुणीच न्हाई.”

“मंग मला हाक का न्हाई मारली?”

“मारली की,” साळूबाईचा आवाज चिरकला. “तीनदा मारली!”

बेबीनंदानं वही उघडली. एक चाळीस. आला. बसला. लिहिलं. सांगतो.

तिनं डावीकडं बघितलं. ओट्याच्या कडेला, जिथं कुणीच हंडा ठेवत नाही, तिथं दगडावर पाण्याचं एक गोल उमटलं होतं. हंड्याच्या बुडाचं असतं तसंच, पण लहान. इतक्या लहान बुडाचा हंडा गल्लीत कुणाकडं नव्हता. भर उन्हात ते गोल वाळायला फार वेळ लागला. दोघी ते वाळेपर्यंत उठल्या नाहीत.

६

सोमवारी साडेदहालाच ती वही छातीशी धरून कॉलेजात गेली. कारकून तातेरावनं तिला तीनदा विचारलं, काय काम आहे, आणि तीनदा बाकावर बसवलं. अकराचे साडेबारा झाले. आत देवानंदचा आवाज येई, मग अण्णासाहेबांचा चढा आवाज येई, मग नुसता पंखा.

“ओ भाऊ, मी साक्षीदार हाय!” ती चौथ्यांदा उठली.

“साक्षीदार कोर्टात असतेत बाई. इथं चहा भेटंल.”

“चहा ठेव तुझ्यापाशी,” असं म्हणून ती सरळ दार ढकलून आत शिरली.

अण्णासाहेबांपुढं देवानंदचे ते दोन इंग्रजी कागद होते. “कागद वाचले मी,” ते थकून म्हणत होते. “बाहेरून शिरता येतं एवढं यात आहे. शिरलं होतं असं कुठं आहे? तू त्या वेळी खोलीत नव्हतास, हे कशावरून?”

“यावरून, साहेब.” बेबीनंदानं वही टेबलावर उघडी ठेवली. “एक बावीस. सातवी ओळ. चार हंडे. सहा साल झाले लिहून राह्यले, इचारा गल्लीला.”

अण्णासाहेबांनी चष्मा चढवला. सातवी ओळ वाचली. मान हलवली. आणि मग तेच झालं ज्याची तिला शुक्रवारपासून धास्ती होती. त्यांची नजर खाली घसरली.

“हे काय? आला, बसला, लिहिलं?”

खोटं सांगता आलं असतं. गल्लीतल्या पोरानं गिरवलं म्हणता आलं असतं. पण ज्या वहीवर पोराला सोडवायचं तिच्यावरच खोटं बोलायचं, हे तिच्या जिभेवर येईना.

“अक्षर माझं हाय, साहेब. पण ते मी लिहिलं न्हाई.”

दारात उभा तातेराव फिस्सकन हसला. “घ्या! हा बी तेच म्हणतो. नाव माझं, पण मी केलं न्हाई. एकाच शाळेतले दिसतेत दोघं.”

देवानंदनं मान खाली घातली. संपलं, असं तिला वाटलं. आपल्याच हातानं आपण पोराला बुडवलं.

अण्णासाहेब मात्र हसले नाहीत. ते एक चाळीस या आकड्यावर बोट ठेवून बसले होते. हाच टाइम त्यांनी मशीनच्या कागदाच्या तळाशी ओझरता पाहिला होता. “तातेराव, बुधवारचा तो मशीनचा कागद आणा. शेवटची ओळ किती वाजताची आहे?”

तातेरावनं कागद उलगडला. “एक चाळीस, साहेब. पण तो कचरा हाय सगळा. आकडे, चिन्हं, काही बी अक्षरं. आपण बघितलाच न्हाई तो.”

“देवानंद, वाच.”

देवानंदनं कागद हातात घेतला. त्याचं बोट कचऱ्यावरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. त्यानं बेबीनंदाकडं बघितलं. मग वाचलं नाही, नुसता कागद टेबलावर ठेवून त्या जागी नख रोवलं. इंग्रजी अक्षरं बेबीनंदाला जोडून जोडून वाचता यायची. ए, एल, ए. मग बी, ए, एस, एल, ए.

तिसरा शब्द तिनं वाचला नाही. कुणीच वाचला नाही.

कागदाची घडी करून बाजूला सारत अण्णासाहेब म्हणाले, “तातेराव, ते मशीन काढा. वायरीसकट. देवानंद, उद्यापासून ये कामावर. पोलिसांचं काही नाही.” मग त्यांनी वही बेबीनंदाकडं सरकवली. हातानं नाही, पेनाच्या टोकानं. “आणि बाई, हे लिहिणं आता दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

७

साळूबाईनं तिच्या तोंडात बळेच पेढा कोंबला. देवानंद पाया पडला. पण बेबीनंदाला तो पेढा गोड लागेना. खरं निघालं की सगळं, ती मनात म्हणत होती. बंद खोली, येणारं कुणी नाही, तरी हजेरी. अध्यक्षानं स्वतः बघितलं. मग पुढचंही खरं असणार. ज्यानं लिहिली, त्याला मंग काय?

चारला ती तडक गिरणीवर गेली. रखमाजी चाळण झाडत होता.

“रखमाजी भाऊजी, मागच्या मंगळवारी लाइट यायच्या आधी इथं एक बाई बोलून राह्यल्ती. बंद खोलीचं, हजेरीचं. कोण व्हती ती?”

रखमाजी हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. “मजाक करून राह्यल्या का वहिनी? तुम्हीच तर सांगत व्हत्या.”

“मी?”

“मंग काय! पायरीवर बसून. सगळ्या बाया गप्प बसून ऐकत व्हत्या. मी म्हणलं, वहिनीला आज नवीन काही तरी भेटलं.”

गिरणी बंद होती, तरी तिला पट्ट्याची धडधड ऐकू यायला लागली. मंगळवार. मार्क तर बुधवारी पुसले गेले.

“पुढं काय म्हणले मी?” तिनं विचारलं. “त्याला मंग काय म्हणले?”

“ते मला काय म्हाईत? मी पट्टा चढवला. तुमचं तोंड हलत व्हतं, आवाज येत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नळाला वही साळूबाईच्या मांडीवर होती. शिक्षण चौथी, पण अकरा नावं लिहायला किती लागतं? बेबीनंदा लांब, आपल्या दाराच्या पायरीवर बसली. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. तिचं पाणी देवानंदनंच भरलं आणि मागच्या दारानं आत नेऊन ठेवलं. मग तो सायकलवर टांग टाकून कॉलेजला गेला, जाताना हात हलवून. ते बघून तिचे डोळे भरून आले.

एक सदतीसला गिरिजाबाई गेली. एक चाळीस झाले. साळूबाई वहीवर वाकून बघत होती. मग तिनं लांबूनच दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि मग एक. अकरा! तोंडभर हसली.

बेबीनंदानं सुस्कारा सोडला. अर्धं खरं निघालं, अर्धं खोटं. ज्यानं लिहिलं त्याला काही झालं नाही. हात शाबूत, पाय शाबूत, पोराची नोकरी शाबूत. लोक काय, उगीच शेपूट लावतात गोष्टीला. आणि लोक म्हणजे तरी कोण, तिची तीच की.

उठायला तिनं डावा हात पायरीवर टेकवला. तळव्याला ओल लागली.

या पायरीवर आज कुणी हंडा टेकवला नव्हता. तरी तिच्या मांडीलगत एक बारकं गोल होतं, नीट काढलेलं, ताजं. उन्हात चकाकत होतं आणि वाळत नव्हतं.

कानांत कापूस होता. गल्लीचा, नळाचा, साळूबाईचा, कसलाच आवाज नव्हता. मान मात्र डावीकडं कलली होती. ती कधी कलली, तिला कळलं नाही. अर्धे तुकडे, देवानंद म्हणाला होता. जोडायला बघतं आणि तिथंच घात होतो. सगळं तिला आठवत होतं, शब्दन् शब्द. समोरून साळूबाई उठून धावत येताना दिसत होती, हात हलवत, नको नको करत.

पण उरलेलं अर्धं इतक्या जवळ आलं होतं.

बेबीनंदानं डाव्या कानातला बोळा काढला.